वाचक विचारतात : सीमा बंद केली की बंड संपतं?

प्रश्न : बंडखोरांना शेजारच्या देशातून शस्त्रं आणि आसरा मिळत असेल, तर सीमेवर भक्कम कुंपण घालून भागत नाही का?

उत्तर : बाहेरून नेमकं काय येतं, ते आधी पाहा. बंदुका चौक्या लुटून मिळतात, पैसा खंडणीतून उभा राहतो. पण जखमींना बरं करायला आणि नव्या पोरांना तयार करायला निर्धोक जागा लागते. तिला पर्याय सहसा सापडत नाही. म्हणून आम्ही आसऱ्याला पहिला क्रमांक देऊ.

कुंपण माणसाला अडवत नाही. तो कुठून शिरला, एवढंच सांगतं. अल्जीरियात फ्रेंच राजवटीविरुद्ध बंड चालू असताना, १९५७मध्ये फ्रेंचांनी अल्जीरिया-ट्युनिशिया सीमेवर मोरीस रेषा हे तारेचं कुंपण उभारलं. तारेत ५,००० व्होल्टचा प्रवाह आणि आजूबाजूला पेरलेले सुरुंग. तार तुटली की जागा कळायची, तिथे तोफा डागल्या जायच्या आणि फिरती पथकं माग काढायची. मागे ही फौज नसती, तर पक्कड घेऊन आलेला कोणीही पार झाला असता. वर्षभरात घुसखोरी जवळपास आटली.

सीमेपलीकडचे बंडखोरांचे तळ मात्र शाबूत होते. ८ फेब्रुवारी १९५८ रोजी फ्रेंच विमानांनी ट्युनिशियातल्या साकिएत सिदी युसुफवर बॉम्ब टाकले, तेही बाजाराच्या दिवशी. सत्तरच्या आसपास माणसं मेली आणि फ्रान्स ‘घरगुती’ म्हणवत असलेलं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पोहोचलं. बंडखोरांना एवढी प्रसिद्धी स्वतःहून मिळवता आली नसती!

त्यापेक्षा शेजाऱ्याशीच सौदा केलेला बरा, अर्थात मोल देऊन. मार्च १९७५च्या अल्जिअर्स करारात इराकने शत अल-अरब नदीच्या हद्दीबाबत माघार घेतली. बदल्यात इराणच्या शहांनी बंडखोर इराकी कुर्दांना मिळणारी मदत तोडली. काही आठवड्यांत बंड कोसळलं.

प्रश्न : आणि रसद समुद्रातून येत असेल तर?

उत्तर : किनाऱ्यालगत होड्या पकडत बसलात, तर दमाल. होड्यांत माल उतरवणारं जहाज खोल समुद्रात उभं असतं, ते शोधा. श्रीलंकेच्या नौदलाने सप्टेंबर-ऑक्टोबर २००७मध्ये एलटीटीईची अशी जहाजं बेटापासून शेकडो मैलांवर बुडवली. त्यासाठी दुसऱ्या देशांकडून माहिती लागते आणि तितक्या लांब जाऊ शकणारी गस्ती जहाजंही.

प्रश्न : रसद तुटली म्हणजे विजय नक्की?

उत्तर : नाही. मोरीस रेषा टिकली, तरी १९६२मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झालाच. इराकी कुर्दांचं बंडही १९७६मध्ये नव्या संघटनेच्या नावाने पुन्हा पेटलं.