दोन संगणकांवर नॉटमचचे टॅग गिटने सारखे कसे ठेवावेत?

नॉटमच म्हणजे मेल शोधणारा आणि त्यांना टॅग लावणारा प्रोग्राम. लॅपटॉप आणि डेस्कटॉपवरचे त्याचे टॅग सारखे राहावेत, त्यांचा बॅकअपही व्हावा, म्हणून डेटाबेसचं फोल्डरच गिटमध्ये (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. तो झेपियन या शोध-लायब्ररीचा बायनरी डेटाबेस आहे, साधा मजकूर नाही. रिपॉझिटरी (गिटचा साठा) फुगत जाईल, आणि दोन्हीकडचे बदल एकत्र करणं गिटला जमणार नाही.

नुसता बॅकअप हवा असेल तर ‘नॉटमच डंप’ ही सगळे टॅग मजकुरात उतरवणारी कमांड पुरे. त्याचं आउटपुट ‘सॉर्ट’मधून काढून कमिट करा (गिटमध्ये नोंदवा), म्हणजे ओळींचा क्रम बदलल्यामुळे डिफमध्ये (दोन नोंदींतला फरक पाहताना) गोंधळ दिसणार नाही. सिंकसाठी मात्र ही फाइल कुचकामी आहे. एका मेलचे सगळे टॅग एकाच ओळीत असतात, त्यामुळे एकाच मेलला दोन्हीकडे वेगवेगळे टॅग लावले की कॉन्फ्लिक्ट (गिटला आपोआप न जुळवता येणारे बदल) आलाच.

सिंकसाठी ‘नॉटमच गिट’ वापरा. आवृत्ती ०.३७ पासून तो नॉटमचसोबतच येतो; आधी त्याचं नाव ‘एनएमबग’ होतं. त्यात प्रत्येक मेलच्या प्रत्येक टॅगसाठी एक रिकामी फाइल असते. टॅग लावला की फाइल येते, काढला की जाते, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट जवळजवळ येतच नाहीत. पहिल्या संगणकावर इनिट (रिपॉझिटरी तयार करणं) आणि कमिट करून सर्व्हरवरच्या बेअर रिपॉझिटरीत (फक्त इतिहास असलेल्या, कामाच्या फाइली नसलेल्या) पुश करा म्हणजे पाठवा, दुसऱ्यावर ‘नॉटमच गिट क्लोन’ने तिची प्रत घ्या. पहिल्या कमिटला बदल फार आहेत म्हणून तो अडेल. ‘स्टेटस’ नीट पाहूनच ‘फोर्स’ द्या.

सगळेच टॅग सिंक करू नका. वाचलेलं-न वाचलेलं, तारांकित, उत्तर दिलेलं हे मेलडिरच्या (मेल साठवायच्या फोल्डरच्या) फ्लॅगमधून आयमॅपने (सर्व्हरशी मेल जुळवणाऱ्या पद्धतीने) आपोआप जातं. ‘इनबॉक्स’ तर मुद्दाम वगळा: एकीकडे तुम्ही तो काढता, दुसरीकडे नवी मेल येताना तो पुन्हा लागतो आणि मर्जनंतर (दोन्हीकडचे बदल एकत्र झाल्यावर) आवरलेली मेल परत समोर येते. स्वतःच्या टॅगना एक उपसर्ग द्या आणि तोच सेटिंगमध्ये नोंदवा.

खरी गोम क्रमात आहे. आधी कमिट, मग पुल (सर्व्हरवरचे बदल आणणं), मग ‘नॉटमच न्यू’ (नव्या मेलची नोंद घेणं), मग चेकआउट (रिपॉझिटरीतले टॅग नॉटमचमध्ये उतरवणं), शेवटी पुश. मेल या संगणकावर पोचण्याआधी तिचा टॅग रिपॉझिटरीत आलेला असू शकतो. मेल आल्यावर चेकआउट न करता थेट कमिट केलंत, तर तो टॅग तुम्हीच काढला असं धरलं जातं आणि पुशनंतर तो सगळीकडून जातो. उलट, चेकआउट कमिट न केलेले टॅग पुसतो, म्हणून सुरुवातीचा कमिट चुकवू नका.

हे हूकमध्ये, म्हणजे ‘नॉटमच न्यू’च्या आधी (प्री-न्यू) आणि नंतर (पोस्ट-न्यू) आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, टाकता येतं: कमिट आणि पुल प्री-न्यूमध्ये, चेकआउट पोस्ट-न्यूमध्ये, तेही तुमच्या आपोआप टॅग लावणाऱ्या नियमांच्या आधी. प्री-न्यू हूक अपयशी ठरला तर नॉटमच पुढचं काम सोडून देतो. इंटरनेट नसताना इंडेक्सिंग अडू नये म्हणून पुल फसला तरी हूक शून्य (म्हणजे ‘यशस्वी’) परत करेल असं लिहा.

काही ठरावीक मेलचे टॅग जुळत नसतील तर त्यांचा मेसेज-आयडी (प्रत्येक मेलच्या हेडरमधली तिची खास ओळख) तपासा. तो नसला की नॉटमच फाइलच्या शा-१ वरून (मजकुरावरून काढलेल्या ठशावरून) ओळख बनवतो, आणि मेल आणणाऱ्या साधनाने एखादं हेडर वाढवलं तरी ती दोन्हीकडे वेगळी पडते. रिपॉझिटरी खासगीच ठेवा: टॅगांची नावं त्यात उघडी असतात, काढलेलीही इतिहासात उरतात.