रोजच्या वापरासाठी एकच झूम लेन्स घ्यायची तर कोणती?

फुल फ्रेम (म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर माझं उत्तर २४-१०५ किंवा २४-१२० एफ/४. यातले पहिले आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. एफ/ पुढचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त आत येतो. बहुतेक जण २४-७० एफ/२.८ सुचवतील. लेन्स उत्तमच आहे, एफ/४ च्या दुप्पट प्रकाश आत घेते. लग्नसमारंभ किंवा अंधारे हॉल हेच तुमचं काम असेल तर तीच घ्या. पण रोजच्या फोटोंत मला ७० मिमी सतत अपुरं पडायचं. समोरच्या गच्चीवर मांजर अंग चाटत बसलेलं असतं, जवळ गेलं की पळतं. तिथे १०५ लागतंच.

वजनाकडेही बघा. निकॉन झेडची २४-१२० एफ/४ साधारण ६३० ग्रॅमची आहे आणि ३५ सेंटीमीटरवरूनही फोकस करते, त्यामुळे पानावरचा दवाचा थेंबही छान टिपता येतो. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपणारी खास लेन्स नव्हे, पण तिची उणीव फारशी जाणवत नाही. जड लेन्स हौसेने घेतली जाते आणि महिन्याभरात कपाटात जाते, हे मी फार वेळा पाहिलंय.

एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मात्र २४ पासून सुरू होणारी झूम घेऊ नका. लहान सेन्सरवर दृश्याच्या कडा कापल्या जातात; १.५ च्या या क्रॉप फॅक्टरने ती ३६ मिमीसारखी वागते, खोलीतली माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. १६ पासून सुरू होणारी बघा. फुजीची १६-८० एफ/४ चांगली आहे.

आणि घेण्याआधी तुमचे जुने शंभरेक फोटो उघडून कोणती फोकल लेंग्थ जास्त वापरलीय ते पाहा. ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच असते.