माणसाची मापं पाठ आहेत, तरी काढलेली आकृती ताठ आणि निर्जीव का दिसते? शरीररचना सुधारण्यासाठी सराव कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की राहायला निपाणीत आहात, साडेसात डोक्यांचं माप (माणसाची उंची म्हणजे त्याच्या डोक्याच्या साडेसात पट) पाठ आहे, व्हिडिओ बघून स्नायूंची नावंही बरीच झालीत. तरी माणूस काढला की तो शाळेच्या ग्रुप फोटोत उभा केल्यागत दिसतो, आणि हात जमत नाहीत म्हणून ते खिशात नाहीतर पाठीमागं जातात. अ‍ॅनाटॉमीचं जाड पुस्तक घेऊ की पुण्याला कोर्स लावू, हाही प्रश्न आहे. मी बेळगावात संध्याकाळी ड्रॉइंगचे क्लास घेतो, त्यामुळं हे दुखणं आठवड्याला एकदा तरी समोर येतंच.

तुमची मापं बहुतेक बरोबरच असणार. आकृतीत वजन नसतं, अडचण तिथं आहे. याचं मूळ मला आपल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या तयारीत दिसतं. इकडची, कर्नाटकातली मुलं लोअर-हायर देतात, पलीकडची, महाराष्ट्रातली एलिमेंटरी-इंटरमिजिएट. स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, चार माणसं घोटून घेतली जातात: एक पाठमोरा, एक बाजूनं चालणारा, एक टोपलीवाली बाई, एक हात वर केलेलं पोर. बाजार आला, बसस्टॉप आला, जत्रा आली, की तीच चार माणसं कपडे बदलून हजर. मार्क मिळतात, तक्रार नाही. पण पुढं कितीही स्नायू शिकलात तरी हात त्याच चौघांना काढत राहतो, फक्त आता त्यांच्या दंडाला बेटकुळ्या आलेल्या असतात.

म्हणून पुस्तक राहू द्या बाजूला. कपाटाच्या आरशासमोर नेहमीसारखे उभे राहा, फोटोसाठी उभे राहता तसे नको. परेड सोडली तर माणूस दोन्ही पायांवर सारखा भार टाकून क्वचितच उभा राहतो. समजा भार उजव्या पायावर आहे. मग कमरेची उजवी बाजू वर उचललेली दिसेल, डावा गुडघा सैल पडून थोडा पुढं आला असेल. कमर एका बाजूला कलली की खांदे तोल सांभाळायला उलट बाजूला कलतात, म्हणजे उजवा खांदा खाली. उजव्या कुशीत बरगडी आणि कमर जवळ आल्यानं घडी पडते, डावी कूस ताणली जाते. आता गळ्याच्या खड्ड्यातून, दोन हंसळ्यांच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडांच्या) मधून, सरळ खाली ओळंबा सोडला असं समजा. तो भार असलेल्या पायाच्या आतल्या घोट्याच्या आसपास येतो. दोन्ही पायांवर भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. तुमच्या चित्रात तो पावलांच्या बाहेर जात असेल, तर तो माणूस एकतर पडतोय, चालतोय, किंवा कशाला तरी टेकलाय. काहीच होत नसेल तर चित्र चुकलंय.

हे तपासायला पेन्सिल दोन बोटांत सैल लोंबती धरायची आणि एक डोळा मिटून समोरच्या माणसावर धरायची. झाला ओळंबा.

आता वही घेऊन बसस्टँडवर जा. खिशात मावेल एवढी वही आणि बॉलपेन, कारण पेन्सिल घेतली की रबर येतो आणि रबर आला की माणूस निघून जातो. प्रत्येकाला अर्धा मिनिट द्या. डोक्याचा कल, खांद्याची रेघ, कमरेची रेघ, भाराचा पाय, एवढंच. नाक-डोळे, शर्टाची बटणं काही नको. गाडी उशिरा असली तर उत्तम. थांबलेला माणूस कंटाळून पाय बदलतो, पण थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखाच उभा राहतो. म्हणून अर्धवट राहिलेलं चित्र खोडू नका, शेजारी दुसरं सुरू करा आणि तो परत तसा उभा राहिला की पहिलं पुरं करा.

बसमध्ये बसलात तर कंडक्टर बघा. चालत्या गाडीत तो मांडीची बाजू सीटच्या दांड्याला टेकवतो, पाय फाकवतो, आणि दोन्ही हात तिकीट मशीन आणि सुट्ट्या पैशांसाठी मोकळे ठेवतो. ओळंबा सोडलात तर कधी कधी पावलांच्या बाहेर जाईल, कारण थोडं वजन त्या दांड्यानं घेतलंय. हे एकदा नीट पाहिलं की टेकलेला माणूस काढताना आधी टेकणं काढावं लागतं, मग माणूस, हे कुणी सांगावं लागत नाही.

एक सांगायला हवं. बायकांकडे टक लावून काढत बसू नका, चोरून फोटो तर अजिबात नको. कुणी विचारलं तर वही दाखवा. बहुतेक वेळा लोक हसतात, आणि मग 'माझं काढा की' म्हणून दोघं-तिघं पुढं येतात. ते ताठ बसतात, ही वेगळी पंचाईत.

असं महिनाभर चाललं की तुमच्या वहीत प्रश्न तयार होतील. हा दंड इथं जाड का वाटला, टाच आणि घोटा जुळत का नाहीत. शरीररचना तेव्हा उघडायची, अडलेल्या जागेपुरती. ज्या विद्यार्थ्यांनी आधी दोनशे सहा हाडं आणि मग माणूस असा क्रम लावला, त्यांच्याकडून चांगले तक्ते झालेले मी पाहिलेत, माणसं फारशी नाहीत.

कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग घ्या, कारण तुमचे हात बहुधा इथंच बिघडतात, बोटांत नव्हे. तिथं दोन हाडं आहेत. करंगळीकडचं हाड कोपराला बिजागरीसारखं पक्कं बसलेलं असतं. कोपराचं टोक म्हणजे तेच, आणि त्याची कड मनगटापर्यंत कातडीखाली बोटानं चाचपता येते. आत्ता चाचपून बघा. अंगठ्याकडचं हाड मात्र फिरतं. तळवा वर असेल तेव्हा दोन्ही हाडं शेजारी-शेजारी असतात. तळवा खाली वळवला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्याला ओलांडून आडवं येतं आणि मनगट स्वतःबरोबर घेऊन जातं. म्हणून तळव्याची दिशा बदलली की हाताचा सगळा घाट बदलतो. तुम्ही तो दरवेळी एकाच आकाराचा काढत असाल, तर पुढं बोटं कितीही सुबक काढा, हात चिकटवल्यासारखाच दिसणार.

अशा कातडीला लागून असलेल्या हाडांच्या जागा आधी शिका: हंसळ्या, छातीची मधली पट्टी, मानेखाली पाठीला येणारा मणका, कमरेची पुढची दोन टोकं, कोपर, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे. बारीक माणसात त्या उंचवटे म्हणून दिसतात, अंगानं भरलेल्या माणसात त्यातल्या काही खळ्या होतात, पण जागा त्याच राहतात. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो. पोटरीचा फुगवटा उलट, आतल्या बाजूला जास्त खाली उतरतो. या दोन तिरक्या रेघा बरोबर आल्या तरी तुमचा पाय जमिनीवर उभा राहील. ओळखीच्या पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजच्या बायॉलॉजी लॅबमध्ये सांगाडा असेल, तर सरांना विचारून कमरेचं हाड तीन बाजूंनी काढून आणा. पुढची दोन टोकं सोडली तर ते चित्रात दिसत नाही आणि सगळं त्यावरच उभं असतं.

खांद्यासाठी कुस्तीची तालीम. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा प्रसिद्ध आहे, निपाणी-चिकोडीकडच्या गावांतूनही लाल माती आहे. वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा, कोपऱ्यात बसा. पोरं जोर मारताना पाठ बघा. खवाटा, म्हणजे खांद्यामागचं त्रिकोणी हाड, बरगड्यांवरून पुढं-मागं सरकताना स्पष्ट दिसतो. हात डोक्यावर नेताना साधारण एक तृतीयांश फिरणं खवाट्याचं असतं, बाकी खांद्याच्या सांध्याचं. म्हणजे हात वर गेला की हंसळी उचलली जाते, खवाट्याचं खालचं टोक काखेकडं बाहेर येतं, छातीचा स्नायू वर ताणला जातो. नवशिक्या चित्रात छाती आहे तशीच राहते आणि हात तेवढा वर जातो. आणि एक गोष्ट माझ्या आवडीची: पैलवानाला पोट असतं. जिममधल्या फोटोत प्रत्येक स्नायू वेगळा कोरलेला दिसतो, तो बघून शिकलात तर तुमच्या चित्रातला पोस्टमनसुद्धा स्पर्धेला उभा राहिल्यासारखा दिसेल.

हातांसाठी तुम्हाला निपाणी सोडून कुठं जायचं काम नाही. तुमच्या गल्लीत किंवा नात्यात बिड्या वळणारी कुणी मावशी, काकू असेलच. परवानगी घेऊन समोर बसा. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. तेच हात त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात. पगारी मॉडेलसुद्धा इतकं इमानानं पोज परत देत नाही. एका वेळी एकच अवस्था धरा, समजा वळण्याची. चार बोटं आधी वेगळी काढू नका, एकत्र चपटी पट्टी म्हणून काढा. तळवा एक जाड ठोकळा. अंगठा मनगटाजवळून निघतो, बोटांच्या ओळीतून नव्हे, आणि त्याचं नख बोटांच्या नखांपेक्षा वेगळ्या दिशेला तोंड करून असतं. बोटांची मुळं सरळ रेघेत नसतात, कमानीत असतात आणि करंगळीकडं उतरतात. मागून पाहिलं की बोटं लांब दिसतात आणि तळव्याकडून आखूड, कारण मागं ती पेरापासून सुरू होतात आणि पुढं तळव्याचं मांस त्यांचा काही भाग झाकतं. हे एवढं कळलं की खिसे रिकामे होतील.

त्याच बैठकीत पाठही बघून घ्या. मांडी घालून वाकलेल्या माणसाची कमर मागं कलंडते, पोटाकडचं अंतर आक्रसतं आणि घड्या पडतात, पाठ लांब होते. बसलेली माणसं आपण उभ्याच माणसाचे पाय दुमडून काढतो, म्हणून ती पाटावर ठेवल्यासारखी दिसतात. विळीवर बसलेली आजी याहून अवघड. एक पाय विळीच्या पाटावर, गुडघा तुमच्याकडं रोखलेला आणि मांडी जवळजवळ गायब. ते नंतर.

मापांबद्दल थोडक्यात. साडेसात डोकी सरासरी मोठ्या माणसाची, आठ देखण्या चित्रासाठी. तान्हं मूल फक्त चार डोक्यांचं असतं, त्याला मोठ्याचं माप लावलं की बुटका माणूस तयार होतो. हाताचा पंजा हनुवटीपासून कपाळाच्या वरच्या भागापर्यंत जातो, आणि जवळजवळ सगळे तो लहान काढतात.

मोबाइलच्या फोटोवरून काढायला हरकत नाही, पण जवळून घेतलेला फोटो पुढचा हात मोठा आणि पाय लहान करतो. लांब उभं राहून झूम करून घ्या.

मोठ्यांची कामं बघायची तर आपल्या मातीत कमी नाहीत. रवी परांजपे (१९३५–२०२२) बेळगावचेच, के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले. कोल्हापूरला जन्मलेल्या चित्रकार म. वि. धुरंधरांच्या गर्दीच्या चित्रांत एकेक माणूस आपापल्या पद्धतीनं उभा असतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची आणि राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, एक दिवस काढून जाऊन या. तिथं वहीत नक्कल करताना चेहरे सोडा, प्रत्येकाचा भार कुठल्या पायावर आहे तेवढं उतरवा.

स्मरणचित्र वाईट नसतं, फक्त आठवायला आधी काहीतरी पाहिलेलं हवं. स्टँडवर काढलेला माणूस रात्री वही न उघडता पुन्हा काढा, मग वही उघडून ताडून बघा. जिथं फरक पडला, तिथं तुमचा हात जुन्या चौघांकडं गेला. दुसऱ्या दिवशी तेवढंच बघायला जायचं.

राहिला पुस्तकाचा आणि कोर्सचा प्रश्न. पुस्तक घ्या, पण वहीत प्रश्न जमल्यावर, आणि स्नायूंच्या रंगीत तक्त्यांपेक्षा हाडं आणि सांधे वेगवेगळ्या बाजूंनी दाखवणारं घ्या. कोर्सची फी भरण्याआधी एकच विचारा: जिवंत मॉडेल समोर बसवता का, आणि किती वेळ? 'आम्ही फोटोवरून शिकवतो' असं उत्तर आलं, तर ते पैसे निपाणी-बेळगाव बसच्या तिकिटांना लावा. मॉडेल बसवत असतील तर जरूर जा, आणि जाताना भरलेल्या वह्या बरोबर न्या. म्हणजे ते तुम्हाला पुन्हा साडेसात डोक्यांपासून सुरू करणार नाहीत.