कॉन्व्हेंटचे निरोप घरी पोचत नाहीत? आधी रेकॉर्डला नंबर कुणाचा आहे ते बघा

"नोटीस लावली आहे." निरोप घरी का पोचत नाहीत विचारलं की शाळेचं ऑफिस हेच सांगतं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून हसूच आलं, कारण आमच्या शाळेच्या ऑफिसातही शब्द न् शब्द हेच ऐकायला मिळायचं. मुलगी वसईकडच्या कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत, पालक-शिक्षक संघाच्या सोडतीत तुमची चिठ्ठी निघाली आणि आता वर्गातल्या सगळ्या पालकांना शाळेतलं वेळेवर कळवायचं काम तुमच्या गळ्यात. त्यात तुम्ही ख्रिस्ती नाही, सर्क्युलर इंग्रजीत येतात, आणि निम्म्या गोष्टी काही पालकांना आधीच कळलेल्या असतात अशी तुम्हाला शंका येते. शंका बरोबर आहे. त्यावर खाली येतेच.

आधी सांगून टाकते, मी शिक्षिका नाही आणि वकीलही नाही. दोन मुलं कॉन्व्हेंटमधून पार पडली, वर्गप्रतिनिधी म्हणून बरीच वर्षं घासली, एवढंच भांडवल. मी कॅथलिक आहे आणि अनुभव सगळा वसई पट्ट्यातला. पुण्या-नागपूरकडे चित्र वेगळं असू शकेल. ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहू द्या, गुड मॉर्निंग बंद करा, हे तुमच्या पोस्टखाली बाकीच्यांनी सांगितलंच आहे, ते परत लिहीत नाही.

ॲप कुठलं, ग्रुप कसला, ह्या चर्चेत पडण्याआधी ऑफिसच्या रेकॉर्डला प्रत्येक मुलाच्या नावापुढे कुणाचा नंबर आहे ते तपासा. बाकी सगळं त्यानंतर.

आमच्या प्रवेशाच्या फॉर्मवर नवऱ्याचा नंबर होता आणि नवरा जहाजावर. आमच्याकडे हे घरोघरी असतं. कुणाचा बोटीवर, कुणाचा आखातात, कुणाचा पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जाऊन रात्री परत. दप्तर उघडून बघणारी बाई घरात, आणि शाळेचा मेसेज भलत्याच खिशात. म्हणून मी वेळेत अर्ज नेऊन दिला होता, की नंबर बदलून माझा घ्या. खिडकीतूनच परत आला. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांची सही आहे, बदलायलाही त्यांचीच लागेल. ते बोटीवर आहेत म्हटलं. मग आल्यावर या. ईमेलने सही मागवते. ओरिजिनल पाहिजे. बरं, तोवर माझा नंबर दुसरा म्हणून जोडा. कॉलम एकच आहे.

दरम्यान रिचार्ज न केल्यामुळे तो जुना नंबर बंद पडला आणि कंपनीने रीतसर दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला. म्हणजे आमच्या पोराच्या फीच्या आठवणी, सहलीचे निरोप, युनिट टेस्टच्या तारखा कुणा अनोळखी माणसाला अगदी वेळेवर मिळत होत्या.

मोठ्याचा हात चित्रकलेत चांगला. एलिमेंटरी ह्या सरकारी चित्रकला परीक्षेला ए ग्रेड होती, नववीत त्यापुढच्या इंटरमीजिएटला बसायचं ठरलेलं. फॉर्मची शेवटची तारीख आली ती एसएमएसने. ड्रॉइंगच्या सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा हा टायफॉइडने अंथरुणात. मला कळलं ते मासळी बाजारात, त्याच्या मित्राच्या आईने "हॉलतिकीट घेतलंस काय गं?" विचारलं तेव्हा. तशीच पिशवी घेऊन शाळेत गेले. ऑफिसने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मेसेज डिलिव्हर्ड दाखवतोय, मॅडम." त्यापुढे बोलायची सोयच नाही. माझा परत आलेला अर्ज मी दाखवला, त्यावर उत्तर मिळालं की ह्याच्यावर आमचा शिक्का कुठे आहे?

सात मार्कांसाठी एवढं रडगाणं कशाला, असं कुणाला वाटेल. इंटरमीजिएटच्या ए ग्रेडला दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, बीला ५, सीला ३. पाचशेत सात म्हणजे जवळजवळ दीड टक्का. अकरावीची कटऑफ लिस्ट ज्यांनी रात्री जागून रिफ्रेश केली आहे त्यांना विचारा. आणि गंमत बघा, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असं राज्य सरकारने ठरवलं. शाळेच्या रेकॉर्डलाही ते लागू आहे. ती मुलं शाळेत येतील तोवर खिडकीपलीकडचा तो एक कॉलम दोनाचा होतो का बघू. असो, विषयावर येते.

पुढे मी वर्गप्रतिनिधी झाले तेव्हा पहिल्या पालकसभेला दारातच एक कागद ठेवला. मुलाचं नाव, आईचा नंबर, वडिलांचा नंबर, आणि चौथा रकाना महत्त्वाचा: शाळेचं वाचतं कोण? काही घरांत आजोबा वाचतात, एका घरात मामी वाचायची. त्यापुढे कुठली भाषा सहज वाचता येते ते. बऱ्याच जणांनी आधी 'इंग्लिश' लिहिलं, मग इकडेतिकडे बघून खोडून 'मराठी' केलं. नालासोपारा-विरारकडून येणाऱ्यांत हिंदीवालेही निघाले. त्याची एक प्रत पत्र जोडून ऑफिसला द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्यायची. पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, सिस्टर बघतील" ह्याला पोच म्हणत नाहीत. आणि कृपा करून त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. लोकांचे नंबर आहेत ते.

एक तांत्रिक गोष्ट, ज्यावर आमच्याकडे उगाच भांडणं झाली. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. बाकीच्यांना तो जातच नाही, आणि तुम्ही मात्र 'मी तर सर्वांना पाठवलं' म्हणत बसता. म्हणून सभेत सगळ्यांसमोर नंबर सेव्ह करून घ्या, किंवा सरळ ग्रुपच करा.

आता ते 'काहींना आधीच कळतं' प्रकरण. कॅथलिक शाळेत निरोपाच्या दोन वाटा असतात. एक शाळेची. दुसरी रविवारच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची. मिस्साच्या शेवटी सूचना वाचतात, त्यात शाळेच्या फीस्टची (सणाची) वेळ, ॲडमिशनचे फॉर्म, सभागृहातला कार्यक्रम, सगळं येऊन जातं. कुणी मुद्दाम लपवत नाही हो. फादर आणि सिस्टर दोघांनाही वाटतं की गावात सांगून झालं. पण वर्गात निम्मी घरं मिस्साला नसतात, आणि कॅथलिक घरंसुद्धा सगळी त्याच धर्मग्रामातली (एका चर्चच्या हद्दीतली) नसतात. मुंबईहून विरारला राहायला आलेलं कुटुंब दुसऱ्याच चर्चला जातं. त्यांच्या पोरीच्या पहिल्या कम्युनियनची (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घ्यायच्या विधीची) तयारी एका ठिकाणी आणि शाळेचं गॅदरिंग त्याच दिवशी दुसरीकडे, असलं आमच्या वर्गात झालंय. तुम्ही मिस्साला जाऊन बसायची गरज नाही. वर्गातली एखादी कॅथलिक आई धरा आणि तिला म्हणा, रविवारी शाळेचं काही वाचलं तर दोन ओळी टाक. हे एवढंच केलंत तरी निम्मं काम होतं, माझ्या मते.

उलट बाजूने, तुमच्यासारख्या घरांना धार्मिक दिवसांबद्दल आधी सांगायला हवं, आणि हे शाळा फार कमी करतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कॅथलिक मुलं मिस्साला जातात, तेव्हा बाकीची काय करतात? राखेच्या बुधवारी, म्हणजे आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, एखादं पोर कपाळाला राख लावून बसमध्ये चढतं, शेजारचं घरी जाऊन विचारतं. फीस्टच्या दिवशी शाळा लवकर सुटते, रिक्षावाल्या काकांना पत्ता नसतो. आदल्या दिवशी एक साधी ओळ गेली, 'उद्या सकाळी कॅथलिक विद्यार्थी मिस्साला, इतरांना वर्गात मूल्यशिक्षण, सुटी १२ वाजता', की विषय संपला. ती ओळ गेली नाही की संध्याकाळी ग्रुपवर 'आमच्या मुलांना चर्चमध्ये का नेलं' सुरू होतं आणि मग ते शाळेबाहेर जातं. एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने शाळांना मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात संविधानाची उद्देशिका सकाळच्या परिपाठात म्हणावी आणि इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, असं स्पष्ट आहे. प्रिन्सिपल सिस्टरशी बोलताना ह्याचा आधार घ्या, पण वाद घालायच्या सुरात नको. बहुतेक सिस्टरांना हे मान्यच असतं, कळवायला सवड नसते. आणखी एक, आमच्यासारख्यांकडे चालतं: व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ साली शिक्षणावर जो जाहीरनामा काढला त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असं म्हटलंय. ऑफिसच्या खिडकीवर ते सांगून उपयोग नाही, सिस्टरच्या केबिनमध्ये आहे.

इंग्रजी सर्क्युलरचं पूर्ण भाषांतर करत बसू नका. मी केलं, कुणी वाचलं नाही. सर्क्युलरचा फोटो आणि वर मराठीत चार गोष्टी: काय, कधी, मुलाबरोबर काय द्यायचं, किती पैसे. 'शुक्रवार, पांढरा गणवेश, डबा नको, २० रुपये क्लासटीचरकडे.' बस. हिंदीवाल्यांसाठी तेच खाली. अर्थ लावायचा नाही, स्वतःचं मत घालायचं नाही. 'बहुतेक सुट्टी असावी' असा मेसेज वर्गप्रतिनिधीच्या नंबरवरून गेला की संपलं, तो पुढे हुकूम म्हणूनच फिरतो.

पावसाळ्यात ह्याची परीक्षा होते. रेड अलर्ट आला की रात्री उशिरा पालघर जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र फिरायला लागतं, आणि त्यात गेल्या वर्षीचंही मिसळलेलं असतं. पत्र उघडून तारीख वाचा, जिल्हा वाचा. ठाण्याचं पत्र आपल्याला लागू नाही, पालघर २०१४ पासून वेगळा जिल्हा आहे, तरी दर पावसाळ्यात कुणीतरी ते टाकतंच. शाळेचा स्वतःचा मेसेज येईपर्यंत मी ग्रुपवर एवढंच लिहायची: 'शाळेकडून अजून काही नाही.' तेवढ्याने लोक शांत होतात, खरंच.

सिस्टरांच्या बदल्या होतात हे लक्षात ठेवा. तुम्ही वर्षभर खपून एखादी व्यवस्था बसवता, मे महिन्यात प्रिन्सिपल दुसऱ्या कॉन्व्हेंटला जातात, जूनमध्ये पाटी कोरी. ऑफिस मात्र तेच राहतं, त्यामुळे जुनी सवय लगेच परत. ह्यावर माझा उपाय म्हणजे कॅलेंडर. आपण ज्या डायरीला कॅलेंडर म्हणतो, प्रार्थना, शाळेचं गीत, रजेची पानं, रिमार्क असतात ती. तिचा मजकूर उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच छापायला जातो. तेव्हा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, अर्ज देऊन दोन गोष्टी त्यात घालून घ्या: पहिल्या पानावर दोन्ही पालकांच्या नंबरचे रकाने, आणि 'शाळेच्या सूचना दर शुक्रवारी' अशी ओळ. छापलेलं एकदा मुलांच्या दप्तरात गेलं की नव्या सिस्टर ते पाळतात. आमच्याकडे दुसरा कॉलम आला तो असा, खिडकीवरच्या नंबर बदलायच्या अर्जाने नाही.

जाता जाता एक वेगळंच सांगते, तिसरीच्या पालकांना लवकर आहे पण वर्गात डिसोझा, डिमेलो असतील तर उपयोगी पडेल. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर 'डी'नंतर वर टिंबासारखी खूण असते, आधारवर तिथे मोकळी जागा, शाळेच्या जनरल रजिस्टरला दोन्ही जोडून. नवव्या इयत्तेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं. मग 'अपार' ह्या विद्यार्थ्यांच्या सरकारी आयडीला आधारशी नाव जुळत नाही, आणि दहावीला बोर्डाची प्री-लिस्ट (मुलांची नावं-माहिती तपासायची यादी) शाळेत आल्यावर धावपळ होते. प्री-लिस्ट तपासायला मुलांना एकट्यांना पाठवू नका. पोरं सही करून मोकळी होतात. रजिस्टरची नोंद आत्ताच बघून घ्यायला सांगा.

आणि तुमच्या अधिकाराबद्दल. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात पालक-शिक्षक संघ शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत करायचा, कार्यकारी समिती सोडतीने निवडायची, तिची यादी सूचना फलकावर लावायची आणि समितीची सभा तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यायची, असं आहे. मी वाचलेलं सांगतेय, तुमच्या शाळेला ह्यातलं काय कसं लागू होतं ते जाणकाराला विचारून घ्या. पण 'तुम्ही कोण विचारणार' हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला तर गप्प बसायचं कारण नाही. पहिल्याच सभेत नंबरांचा विषय तोंडी मांडून सोडू नका, आधी लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला सांगा. पुढच्या सभेच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचतात. तेव्हा सेक्रेटरी टीचरना ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं लागतं, आणि त्या खोलीत ऑफिसचा माणूसही बसलेला असतो.