पायांनी की बॅटरीने? मासेमारीच्या कयाकबद्दल तुमचे प्रश्न

गळ टाकायला दोन्ही हात लागतात आणि वल्हवायलाही. पायांनी चालणाऱ्या पेडलच्या आणि बॅटरीवरच्या मोटरच्या कयाक, म्हणजे अरुंद लांबट छोट्या नावा, आल्या त्या या अडचणीतून. दोन्ही हात मोकळे करतात, पण मोबदल्यात वेगवेगळ्या गोष्टी मागतात. त्या कोणत्या, हे आलेल्या प्रश्नांच्या ओघात सांगते.

प्रश्न : साडेतीन-चार मीटर लांबीची कयाक घ्यायची आहे. मोटर घेतली तर पेडलच्या दुप्पट वेगाने जाता येईल ना? मोठ्या जलाशयात लांबच्या जागा गाठायच्या आहेत.

नाही येणार, आणि हे पैसे मोजण्याआधी कळलेलं बरं. कयाक पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःचीच लाट उठवते. वेग वाढला की ही लाट लांबत जाते. ती कयाकच्या लांबीएवढी झाली की कयाक स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. पाण्यातली लांबी ३.६ मीटर असेल तर ही वेस ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास येते. मासेमारीच्या कयाक स्थिरतेसाठी रुंद बनवतात, त्यामुळे त्या या वेशीपर्यंतसुद्धा रडतखडतच पोचतात.

आता ताकदीचा हिशोब बघा. सवय असलेल्या माणसाचे पाय तासन्तास ७५ ते १०० वॅट देऊ शकतात. तेवढ्यावर कयाक ताशी पाच किलोमीटरच्या आगेमागे चालते. ५५ पौंड थ्रस्टची (पाण्याला मागे ढकलण्याच्या जोराची) मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे १२ व्होल्टला ६०० वॅट. सहापट ताकद खर्चून हातात पडतात ताशी सात-साडेसात किलोमीटर. वाया जाणारी बाकी सगळी ताकद लाटा उठवण्यात आणि पाणी घुसळण्यात जाते.

म्हणून वेगासाठी मोटर घेऊ नका. मोटर देते ती न दमण्याची सोय. पाच तास गळ टाकल्यावर, दुपारचा वारा तोंडावर घेऊन परतताना पाय सकाळसारखे राहत नाहीत, आणि मोटरला त्याचं काही नसतं. तुमच्या लांबच्या जागा चार-पाच किलोमीटरच्या आत असतील तर पेडल पुरे. त्यापुढे रोज जायचं असेल तर मोटरचा विचार जरूर करा.

प्रश्न : १०० अँपिअर-अवरची बॅटरी किती तास चालते? विक्रेता म्हणतो दिवसभर.

कोणती बॅटरी आणि कोणता वेग, या दोन गोष्टी विचारल्याशिवाय ‘दिवसभर’ला काही अर्थ नाही. (१०० अँपिअर-अवर म्हणजे कागदावर ५० अँपिअर दोन तास.)

शिशाची १०० अँपिअर-अवरची बॅटरी २८ ते ३० किलोची असते. ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती ५० अँपिअर-अवरच. त्यातही प्रवाह जितका जोराने ओढाल तितकी ती एकूण वीज कमी देते. विल्हेल्म पॉइकर्टने १८९७ साली मांडलेला हा नियम आजही प्रत्येक शिशाच्या बॅटरीला लागू आहे. पूर्ण वेगात शिशाची बॅटरी तासभरही टिकणार नाही. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२ किलोच्या आसपास भरते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. पूर्ण वेगात सुमारे दोन तास.

खरी किल्ली मात्र वेगात आहे. ताशी साडेसातवरून पाचवर उतरलात की लागणारी वीज तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणजे दोन तासांऐवजी सहा तास, आणि पंधरा किलोमीटरऐवजी तीस. तीच बॅटरी, तीच कयाक. फक्त मोटर घेताना वेग सलग कमी-जास्त करता येणारी घ्या. पाच ठरावीक वेगांच्या स्वस्त मोटर कमी वेगाला उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात तापवून घालवतात, त्यामुळे हळू चालवूनही अपेक्षेइतकी बचत होत नाही.

लिथियमबद्दल एक इशारा. शिशाची बॅटरी उतरत आली की मोटर मंदावते, आपल्याला कळतं. लिथियमचा विद्युतदाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग आतलं संरक्षक सर्किट एका क्षणात वीज तोडतं. म्हणून नुसता व्होल्टमीटर बघून चालणार नाही. गेलेले अँपिअर-अवर मोजणारा मीटर बसवा. जायला तिसरा हिस्सा, यायला तिसरा हिस्सा आणि उरलेला हात न लावण्यासाठी, हा माझा नियम आहे. वारा फिरला की तो तिसरा हिस्सा का ठेवला होता ते समजतं.

चार्जरही लिथियम आयर्न फॉस्फेटचाच हवा, आणि शून्य अंशाच्या खाली ही बॅटरी चार्ज करू नये.

प्रश्न : आमच्या तळ्यात काठाला गवत आणि शेवाळ भरपूर आहे. पेडल घ्यायचं नक्की आहे, पण फिनचं की पंख्याचं?

फिनचं. फिन म्हणजे कयाकखाली हलणारे दोन लवचीक पंख, पंखा म्हणजे फिरणारा प्रोपेलर. पंखा गवत स्वतःभोवती गुंडाळून घेतो आणि त्याला साधारण अर्धा मीटर पाणी लागतं. फिन पेंग्विनच्या पंखांसारखे आडवे हलतात. होबी कंपनीने १९९७ साली आणलेल्या मिराज ड्राइव्हमागची (ड्राइव्ह म्हणजे पेडल आणि फिन किंवा पंखा यांची सुटी यंत्रणा) कल्पनाच ती होती. त्यांच्यावरून बरंचसं गवत निसटतं. पाणी उथळ झालं की एक पेडल पूर्ण पुढे दाबून धरायचं, फिन कयाकच्या पोटाला चिकटतात आणि तुम्ही तरंगत पुढे सरकता. अगदी दाट शेवाळात मात्र फिनसुद्धा गुरफटतात. तिथे ड्राइव्ह वर काढून वल्हं घ्या.

पंख्याच्या बाजूने बोलायचं तर त्याची उलटी चाल. पेडल उलटं फिरवलं की कयाक लगेच मागे येते. झाडाच्या बुडख्यात मासा लागला आणि तो आत घुसायच्या आधी त्याला ओढून बाहेर काढायचं असलं, की ही चाल लाख मोलाची वाटते. जुन्या फिन ड्राइव्हला मागे जाताच येत नाही. नव्यांमध्ये दोरी ओढून फिनची दिशा बदलता येते, पण ती सोय घेताना मुद्दाम तपासून घ्या. काही मॉडेलमध्ये ती नसते.

प्रश्न : गुडघे दुखतात. म्हणजे मोटरच, नाही का?

इतक्यात नाही. पंख्याचं पेडल सायकलसारखं गोल फिरतं, गुडघा बराच वाकवावा लागतो. फिनचं पेडल जिना चढताना दाबतो तसं पुढे-मागे चालतं आणि त्यात पाऊल हवं तेवढं छोटं टाकता येतं. अनेकांना ते झेपतं. बसण्याची जागा अशी लावा की पाय पूर्ण पुढे गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. बहुतेक दुखणी चुकीच्या अंतरावर बसल्यामुळे सुरू होतात. डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या, मग दोन्ही प्रकार अर्धा-अर्धा तास चालवून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो, ते महत्त्वाचं.

प्रश्न : मी एकटाच जातो. गाडीच्या टपावर चढवायलाही कोणी नसतं.

मग तुमचा निर्णय पाण्यावर नव्हे, जमिनीवर होणार आहे. पेडलची मासेमारी कयाक रिकामी ३५ ते ५० किलोची असते, वर ड्राइव्हचे सहा ते नऊ किलो. मोटरसाठीच बनवलेली कयाक त्याहून जड, शिवाय मोटर, बॅटरी, तारा. सगळं सुटं करून चार फेऱ्यांत नेता येतं हे खरं, पण परतताना अंधारात, ओल्या हातांनी त्या चार फेऱ्या होतील का, हे स्वतःला विचारा. जड कयाक घरी पडून राहते, असं मी फार वेळा पाहिलं आहे. तुम्हाला हलकी पेडलवाली आणि एक चाकगाडा, एवढंच सुचवीन.

प्रश्न : वारा असला की कयाक जागेवर राहत नाही. नांगर टाकला की मासे बिथरतात. उपाय?

हा मोटरचा खरा प्रांत. जीपीएसवर जागा धरून ठेवणाऱ्या मोटर मिळतात. बटण दाबलं की मोटर स्वतःच वाऱ्याकडे तोंड वळवते आणि कयाक एक-दोन मीटरच्या परिघात धरून ठेवते. खोल पाण्यातल्या एखाद्या खडकावर उभ्याने गळ सोडायचा असेल, तर याला तोड नाही. पेडलनेही जागा धरता येते, वाऱ्याकडे तोंड करून हळूहळू पाय चालवत राहायचं. पण लक्ष गळावर आणि पायांवर वाटलं जातं, आणि तासाभराने पाय थांबतात.

मोटरच्या आवाजाने मासे पळतात का, असंही याच वाचकांनी विचारलं आहे. माझ्या अनुभवात सलग मंद गुणगुण फारशी बाधत नाही. एकदम वेग वाढवणं-थांबवणं आणि कयाकच्या आत डबा आपटणं जास्त बाधतं. उथळ, नितळ पाण्यात मात्र मी मोटर बंदच ठेवते.

प्रश्न : समुद्रात नेली तर?

खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच मोटर घ्या, तिच्या जस्ताच्या तुकड्याकडे लक्ष ठेवा आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. तो तुकडा स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवतो. ही युक्ती हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी सुचवली होती. तुकडा निम्मा झिजला की बदला. रंग मात्र त्यावर चुकूनही लावू नका, काम थांबतं.

आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पंखा काढून मागे बघा. तिथे अडकलेली गळाची तंगूस दांड्याचं सील कापते आणि मोटरमध्ये पाणी शिरतं.

प्रश्न : आधीच असलेल्या वल्ह्याच्या कयाकवर मोटर बसवणं सुरक्षित आहे का?

बसवता येते, अटी आहेत. तुमचं वजन, बॅटरी, मोटर आणि सामान मिळून कंपनीने सांगितलेल्या भारक्षमतेच्या दोन तृतीयांशांच्या आत राहा. मोटर मागे असेल तर बॅटरी पुढे सरकवा, नाहीतर मागचं टोक बुडतं. ५५ पौंडांच्या मोटरला ५०-६० अँपिअरचा ब्रेकर (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण ती नुसत्या वाचण्याची नाही, करण्याची आहे. पेडलवरून पडलात तर कयाक थांबते. मोटरवरून पडलात तर ती तुमच्याविना निघून जाते आणि कोणी पोहून तिला गाठू शकत नाही. म्हणून अंगाला बांधायची, ओढली की मोटर बंद करणारी दोरी हवीच. लाइफ जॅकेट अंगावर, पायाशी नव्हे. आणि पाण्यातून कयाकवर परत चढण्याचा सराव काठाजवळ, कोणी बरोबर असताना करा.

मोटर लावली की बऱ्याच ठिकाणी कयाक कायद्याने मोटरबोट ठरते आणि नोंदणी लागते. काही तळ्यांत मोटरला मुळात बंदीच असते. आपल्या पाण्याचे नियम आधी विचारा.

प्रश्न : विमानाने जाऊन दुसरीकडे मासेमारी करायची आहे. मोटर नेता येईल?

मोटर येईल, बॅटरी नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि कयाकच्या मोटरची बॅटरी याहून बरीच मोठी असते.

प्रश्न : एका ओळखीच्यांकडे दोन्ही आहेत, दिवसभर चालवायला देतील. काय तपासू?

वारा असलेला दिवस निवडा. वाऱ्याच्या दिशेने एक किलोमीटर जा. तिथे मोटर बंद करा किंवा पेडलचा ड्राइव्ह वर काढा, आणि वल्हं घेऊन वाऱ्याविरुद्ध परत या. बिघाड झाला तर घरी असंच यायचं असतं. काठावर आलात की कोणाची मदत न घेता कयाक गाडीवर चढवा. दुसऱ्या कयाकवर हेच पुन्हा करा, आणि दोन्ही वेळा लागलेली मिनिटं लिहून ठेवा.