नदीकाठच्या वाटेवर चार वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि आजी यांना घेऊन छोटा ट्रेक कसा आखावा?

तुम्ही विचारलंय की सहा किलोमीटरची नदीकाठची वाट चार वर्षांच्या मुलीला आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना झेपेल का. सहा जास्त होतात. जाऊन-येऊन तीन, फार तर चार धरा. पण मुळात किलोमीटरपासून सुरुवात करू नका. नदीकाठी लहान मुलांना चालण्यात रस नसतो, त्यांना पाण्याशी बसायचं असतं. तेव्हा आधी बसायची जागा ठरवा आणि चालणं तिच्या हिशोबाने बेता.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना मी आठ किलोमीटरची गोल वाट निवडली होती. पहिल्या अर्ध्या तासातच त्याला काठावर चपटे दगड सापडले. मी "चल, पुढे याहून छान आहे" म्हणत त्याला तिथून उठवलं. निम्म्याच्या पुढे गेल्यावर तो रडकुंडीला आला, आणि तिथून मागे फिरणं पुढे जाण्याहून लांब होतं. शेवटचे दोन-अडीच किलोमीटर तो माझ्या खांद्यावर होता आणि अंधार पडत होता. तेव्हापासून लहान मूल सोबत असलं की मी गोल वाट घेत नाही. गेलो त्याच वाटेने परत यायचं, म्हणजे कुठूनही मागे फिरता येतं. शिवाय जाताना नदी डाव्या हाताला असेल तर येताना उजव्या हाताला, एवढं नऊ वर्षांच्या मुलालाही कळतं. त्यालाच वाटाड्या करा.

जाताना प्रवाहाच्या वरच्या दिशेने जा. नदीकाठचा चढ जाणवण्याइतका नसतो, पण थकलेल्या पायांना परतीचा हलका उतार बरा वाटतो.

वेळेचा हिशोब असा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात: तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. तो धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहे. चार वर्षांची मुलगी बरोबर असेल तर मी तासाला दोन किलोमीटरच धरतो. म्हणजे चार किलोमीटरला दोन तास चालणं, एक तास पाण्याशी आणि अर्धा तास खाऊ, बुटांच्या नाड्या, किडे-मुंग्या. हे साडेतीन तास सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपायला हवेत. त्यावरून मागे फिरायची वेळ काढा आणि निघतानाच सगळ्यांना सांगून टाका. ती वेळ झाली की ठरलेली जागा आली नसली तरी परतायचं.

आता बसायची जागा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. शक्य असेल तर एक दिवस आधी एकट्याने जाऊन बघून या.

नदी वळते तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात वाहतं आणि काठ खालून पोखरतं. वरून गवताळ, भक्कम दिसणाऱ्या अशा कडेखाली कधी कधी नुसती पोकळी असते आणि समोर खोल डोह. तिथे मुलांना कडेला उभंही करू नका. आतल्या अंगाला पाणी मंदावतं, वाळू-गोटे साचतात, काठ हळूहळू उतरत जातो. बसायचं ते इथे. तरी आधी स्वतः काठीने चाचपत पाण्यात उतरून बघा, कारण वाळूचा पट्टा संपतो तिथे तळ एकदम खचलेला असू शकतो. मग शंभरेक पावलं खालच्या अंगाला चालून जा. तिथे खळाळ, धबधबा किंवा पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडून द्या. आडव्या झाडाच्या फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस मात्र अडकतो.

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. जोराचं गुडघाभर पाणी मोठ्या माणसालाही आडवं करतं, त्यामुळे चार वर्षांच्या मुलीसाठी घोट्यापर्यंतचं आणि जवळपास संथ पाणी, एवढीच मर्यादा. हिरव्या-काळ्या शेवाळाच्या दगडांवर नाही.

पोहोचल्यावर पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी रोवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. पाणी काटकीच्या पुढे सरकलं, गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत यायला लागल्या किंवा आवाज बदलला तर सामान आवरत बसू नका, मुलांना उचला आणि काठाने नव्हे, सरळ उंचावर जा. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो. वर धरण असेल तर पावसाशिवायही पाणी सोडतात, म्हणून सुटणाऱ्या पाण्याची चौकशी आदल्या दिवशीच करा आणि भोंगा वाजला तर लगेच बाहेर या.

मुलं पाण्यात असतील तोवर एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे बघायचं. हातात फोन नाही, गप्पा नाहीत, आणि धाकटी हाताच्या अंतरावर. वीस मिनिटांनी पाळी बदला. हे मी कळकळीने सांगतोय, कारण बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. श्वास घेता घेताच त्याची शक्ती संपते. कुणी वाहायला लागलं तर मागोमाग उडी नको. लांब काठी पुढे करा किंवा दोरीला घट्ट बूच लावलेली रिकामी बाटली बांधून फेका. ती दोरी पिशवीत तळाशी नको, वर ठेवा.

बाकीचं थोडक्यात. प्यायचं पाणी घरूनच न्या, नितळ दिसलं म्हणून नदीचं पिऊ नका. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. दरीत फोनला रेंज नसते, तेव्हा कुठे जाताय आणि किती वाजता परताल हे घरी कुणाला तरी सांगून निघा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद तीनने भागले की साधारण अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण गडगडाट ऐकू येतोय म्हणजे निघायची वेळ झालीच. कोरडे कपडे आणि मोजे प्रत्येकाचे, मोठ्यांचेही.

सासूबाईंना न्यावं की नाही, असंही तुम्ही विचारलंय. जरूर न्या. बसायची जागा दीडेक किलोमीटरवर आणि शक्यतो जवळून गाडीरस्ता जाणारी अशी निवडा, त्यांना दोन्ही हातांत काठ्या द्या आणि टेकायला एक घडीची खुर्ची तुम्ही उचला. मुलाला पुढे जायची हौस असेल तर तुमच्यापैकी एकाने त्याला घेऊन आणखी अर्धा किलोमीटर फिरून यावं, दुसऱ्याने आजी-नातीजवळ थांबावं. मात्र तेवढा वेळ धाकटीला पाण्याबाहेर ठेवा. नातीला गोटे निवडून रांगेत लावायला आजीपेक्षा चांगली सोबत मिळणार नाही.