घटस्फोटासाठी सगळी खासगी कागदपत्रं वकिलाला दिली, तर ती सुरक्षित राहतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घटस्फोट आणि पोटगीचा अर्ज करायचाय. वकिलांच्या ऑफिसातून निरोप आलाय की आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि नवऱ्याबरोबरचे चॅट व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. ऑफिसात हे कोण कोण पाहणार, आणि उद्या ते नवऱ्यापर्यंत गेलं तर काय?

मी बावीस वर्षं वकिली करतोय. ऑफिस छोटं आहे: मी, दोन ज्युनिअर आणि एक कारकून. तेव्हा कोण पाहतं याचं खरं उत्तर म्हणजे आम्ही चौघंही पाहतो. ज्युनिअर मसुदा करतात, कारकून पानांवर नंबर घालतो, फाइल शिवतो, कोर्टात नेऊन दाखल करतो. मोठ्या फर्ममध्ये कोणती फाइल कोणाला उघडता येईल ते कॉम्प्युटरवर ठरवून दिलेलं असतं. आमच्यासारख्यांकडे लोखंडी कपाट असतं आणि त्याची किल्ली बहुधा खिळ्याला.

वकिलाच्या तोंडाला मात्र कायद्याने कुलूप घातलंय, आणि ते चांगलं मजबूत आहे. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आलं. पक्षकाराने केसच्या कामासाठी जे सांगितलं, जी कागदपत्रं दाखवली, जो सल्ला घेतला, ते वकिलाने पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायचं नाही. केस संपली, वकीलपत्र सुटलं, तरी हे बंधन सुटत नाही. वकिलाच्या कारकुनाला आणि नोकरांनाही ते लागू आहे. आणि हे संरक्षण तुमच्यासाठी आहे. ते सोडायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, वकिलाने नाही.

अपवाद आहेत. बेकायदेशीर हेतूने केलेली बोलणी त्यात बसत नाहीत. कायद्यातच उदाहरण दिलंय: ‘मी खोटा दस्त केला, माझा बचाव करा’ असं पक्षकार म्हणाला तर ते गुप्त राहतं; ‘हा खोटा दस्त घेऊन मला जागेचा ताबा मिळवून द्या’ म्हणाला तर राहत नाही. २०२५ मध्ये ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना पक्षकाराला दिलेल्या सल्ल्यावरून समन्स पाठवलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला निकाल दिला. वकिलाला पक्षकाराविषयी विचारायला बोलवायचं तर ते याच अपवादांत बसलं पाहिजे आणि निदान एसपी दर्जाच्या वरिष्ठाची लेखी मंजुरी पाहिजे. वकिलाचा फोन, लॅपटॉप हवा असेल तर तो कोर्टापुढेच हजर करायचा, तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर नाही.

म्हणजे ‘वकील बोलेल का’ ही काळजी तुम्ही बरीचशी सोडा. माझ्या पाहण्यात माहिती फुटली ती तोंडातून क्वचितच. फुटली ती कागदातून.

माझंच सांगतो. आम्ही पाठकोरे कागद वापरायचो. रद्द झालेल्या प्रिंटच्या मागे नवा कच्चा मसुदा छापायचा, कागद वाया का घालवायचा! एकदा एका गृहस्थांना त्यांच्या भाडेकराराचा मसुदा घरी वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी ते परत आले, कागद उलटा टेबलावर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. मागे दुसऱ्या एका बाईंचा पगार, बँकेचं नाव आणि त्यांच्या औषधोपचाराचा खर्च होता. कुठे तक्रार झाली नाही, पण मला आजही ते आठवलं की कान गरम होतात. त्या आठवड्यात कागद कापायचं मशिन घेतलं.

दुसरी गळती कोर्टाबाहेरची. झेरॉक्सवाला, टायपिंगवाला, स्कॅन करून देणारा पोऱ्या, हे वकिलाचे नोकर नाहीत, म्हणून कलम १३२ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तुमचं आधार त्यांच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ‘स्कॅन ०४७’ म्हणून वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. वकिलाला सरळ विचारा: स्कॅनिंग, टायपिंग ऑफिसात होतं की बाहेर? प्रश्न उद्धट नाही. मला विचारला तर मी तरी रागावणार नाही.

तिसरी व्हॉट्सअ‍ॅपची. चॅट वाटेत कोणी वाचत नाही हे खरं, पण फोटो उतरतो तो थेट फोनच्या गॅलरीत. तिथून बॅकअपमध्ये, आणि तोच फोन रात्री मुलाच्या हातात गेममध्ये. शक्य तेव्हा कागद ऑफिसात नेऊन दाखवा, किंवा पासवर्ड घातलेली पीडीएफ ई-मेल करा आणि पासवर्ड फोनवर सांगा. आधार द्यायचंच तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ओळख पटवायला ते बहुतेक ठिकाणी पुरतं. प्रत्येक झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त अमुक केससाठी’ असं आडवं लिहा. असं लिहिल्याने कागदाचा गैरवापर थांबत नाही, पण पुढे तो कुठून फुटला ते शोधता येतं.

आता नवऱ्यापर्यंत जाण्याचं. याबद्दल ऑफिसात तुम्हाला बहुधा कोणी स्पष्ट सांगितलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालापासून पोटगीच्या अर्जात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगार, खाती, कर्ज, घरखर्च, सगळं. जे कोर्टात दाखल होतं त्याची प्रत समोरच्याला मिळते. म्हणून तुमचं स्टेटमेंट नवरा पाहणारच, जसं त्याचं तुम्ही पाहाल. त्यात कोणाचा विश्वासघात नाही. गुप्त राहतं ते दाखल न झालेलं: तुम्ही वकिलाशी काय बोललात, कुठे तडजोड करायला तयार आहात, कशाची भीती वाटते. तेव्हा घरीच दोन गठ्ठे करा, एक कोर्टासाठी, एक फक्त वकिलासाठी, आणि दुसऱ्यावर तसं मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या टेबलावर असे गठ्ठे आले की मला पक्षकाराचे पाय धरावेसे वाटतात.

बाहेरच्या लोकांचं म्हणाल, तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११ नुसार तुम्ही मागणी केलीत तर सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मध्ये अशी कार्यवाही छापण्यावर, प्रसिद्ध करण्यावरही बंदी आहे.

नव्या डेटा संरक्षण कायद्याचं खूप ऐकलं असेल. २०२३ चा कायदा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती वापरायची असेल तर संमती वगैरेंतून बरीच सूट मिळते, पण माहिती सांभाळण्याची जबाबदारी सुटत नाही. त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. माझ्या ऑफिसातल्या प्रिंटरचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे हा आकडा वाचून मी पाणी प्यायलो.

वकील बदलावासा वाटला तर फाइल अडकेल अशी भीती नको. फी बाकी असली तरी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच ठरवलंय. फी वसूल करायला त्याला वेगळा मार्ग आहे. मूळ कागद मात्र शक्यतो देऊच नका. दिलेत तर यादी करून पोच घ्या. आणि ज्या वकिलाने तुम्हाला या केसमध्ये सल्ला दिलाय, त्याला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पुढे नवऱ्याचं वकीलपत्र घेता येत नाही. घेतलंच तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. एका केसमध्ये आम्ही अजून दाखलही न केलेल्या मुद्द्याचं उत्तर समोरच्या बाजूच्या कैफियतीत, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी जबाबात, आलं. मी दोन्ही ज्युनिअरना उभं-आडवं झापलं, कारकुनाशी आठवडाभर धड बोललो नाही. शेवटी कळलं की बाईंचा ई-मेल लग्नानंतर नवऱ्यानेच उघडून दिला होता, आणि तो त्याच्या जुन्या टॅबवर अजून चालू होता. माझा प्रत्येक मसुदा तो तिच्याआधी वाचत होता. तेव्हा कागद पाठवण्याआधी स्वतःचा नवा ई-मेल उघडा, आणि आज रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा. तिथे तुमच्या ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर आधी त्याचा फोटो काढा, मगच लॉगआउट करा. तो फोटो वकिलाच्या गठ्ठ्यात ठेवा.